परकीय सायबर हल्ला आणि राष्ट्राचे कर्तव्य



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विद्वानांनी आपणांपुढे विचार मांडले आहेत. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या दारात, सभेच्या सतरंजीवर आणि रात्री जागून वाचलेल्या पुस्तकांतून झाले. तेव्हा संगणकशास्त्राची गहन चर्चा आमच्याकडून होणार नाही, व तशी अपेक्षा आपणही ठेवू नये. परंतु आजचा विषय केवळ शास्त्रज्ञांचा नाही. एखाद्या परक्या राष्ट्राने सीमेवर एकही शिपाई न पाठविता आपली वीज तोडली, बँका थांबविल्या, बंदरातील क्रेन जागच्या जागी उभ्या केल्या, तर आपण काय करावे, असा हा प्रश्न आहे. आणि राष्ट्र म्हणजे काही राजधानीतील मंत्रालये नव्हेत. रात्रपाळीला खांबावर चढणारा वायरमन, बँकेच्या खिडकीवरचा कारकून, गोदीतील कामगार आणि खिडकीपुढे रांगेत उभी असलेली म्हातारी, हे सारे मिळून राष्ट्र होते. हल्ल्याचा घाव प्रथम यांच्यावरच पडतो. म्हणून या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांलाही आहे असे आम्ही समजतो.

एका नावाखाली चार गोष्टी

‘सायबर हल्ला’ हा शब्द हल्ली फार सैलपणे वापरला जातो. वास्तविक त्या एका नावाखाली चार निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिली गोष्ट चोरी. दुसरी हेरगिरी. तिसरी अडवणूक, म्हणजे दारात इतकी गर्दी लोटायची की खऱ्या गिऱ्हाइकाला आत पाऊल टाकता येऊ नये. आणि चौथी मोडतोड, म्हणजे यंत्र बंद पाडणे किंवा त्यातील नोंदी कायमच्या नष्ट करणे.

चोरीचे उदाहरण पुण्याचेच आहे. २०१८ सालच्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस सहकारी बँकेतून दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. अठ्ठावीस देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, आणि काही कोटी हाँगकाँगच्या खात्यावर वळविले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने या चोरीचा धागा उत्तर कोरियापर्यंत नेला. येथील न्यायालयात २०२३ साली ज्यांना शिक्षा झाली ते मात्र हातात कार्ड देऊन यंत्रापुढे उभे केलेले लोक होते. सूत्रधार दूरच राहिला. ही चोरी मोठी असली तरी ती चोरीच. तिला उत्तर पोलीस, न्यायालय आणि बँकेचा चोख बंदोबस्त यांनीच द्यावयाचे. हेरगिरी तर सर्वच राष्ट्रे करतात व सर्वच नाकारतात. तिला उत्तर म्हणजे आपली कपाटे नीट कुलपात ठेवणे.

खरा पेच पडतो तो अडवणूक आणि मोडतोड यांच्या बाबतीत. तेव्हा त्यांचाच विचार आपण विस्ताराने करू.

एस्टोनियाचा धडा

बाल्टिक समुद्राच्या काठी एस्टोनिया नावाचे एक छोटे राष्ट्र आहे. लोकसंख्या सुमारे तेरा लाख. आपल्याकडचा एखादा जिल्हाही याहून मोठा भरेल. १९९१ साली सोव्हिएत सत्तेपासून मुक्त झाल्यावर या देशाने आपला कारभार मोठ्या हौसेने संगणकावर नेला. २००७ सालच्या मार्चमध्ये तेथील लोकांनी संसदेच्या निवडणुकीत इंटरनेटवरून मतदानही केले. त्याच वर्षी एप्रिलअखेर तेथील सरकारने राजधानी टालिनच्या मध्यवस्तीतून सोव्हिएत सैनिकाचा ब्राँझचा पुतळा हलवून लष्करी दफनभूमीत नेला. एस्टोनियन माणसाला तो पुतळा परदास्याची आठवण वाटे, आणि तेथील रशियन भाषिकाला तो नाझींवरील विजयाची खूण वाटे. दोन्ही भावना खऱ्या होत्या. रस्त्यावर दंगल झाली, तीत एक माणूस प्राणास मुकला. आणि २७ एप्रिलपासून संगणकांवरचा हल्ला सुरू झाला.

सुमारे तीन आठवडे तो चालला. संसद, मंत्रालये, वृत्तपत्रे आणि बँका यांच्या दारांवर जगभरातील हजारो संगणकांवरून खोट्या मागण्यांचा लोंढा सोडण्यात आला. ९ मेच्या सुमारास, म्हणजे रशियातील विजयदिनाच्या वेळी, त्याला भरती आली. देशातील सर्वांत मोठ्या बँकेला आपली इंटरनेटवरील सेवा काही तास बंद ठेवावी लागली.

यावर एस्टोनियाने काय केले? प्रथम परदेशातून येणारी वाट अडविली, म्हणजे बाहेरच्यांना काही काळ आत येता आले नाही, पण घरच्या माणसांचे व्यवहार चालू राहिले. सरकारी, बँकांचे आणि दूरध्वनी कंपन्यांचे तंत्रज्ञ एकत्र बसले व रात्रंदिवस लोंढा गाळीत राहिले. मित्रराष्ट्रांकडे साहाय्य मागितले ते तज्ज्ञांचे, फौजेचे नव्हे. संतापाच्या भरात मंत्र्यांनी रशियन सरकारचे नाव घेतले खरे, पण त्या सरकारचा थेट हात दाखविणारा पुरावा हाती नाही, हेही पुढे त्यांना सांगावे लागले. चौकशीत मदत करण्याची विनंती रशियाने फेटाळली. शेवटी २००८ साली शिक्षा झाली ती त्यांच्याच देशातील एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला, १७,५०० क्रून दंडाची.

हा शेवट काहींना हास्यास्पद वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. ज्याच्याविरुद्ध पुरावा मिळाला त्याला कायद्याने होईल तेवढी शिक्षा झाली. तो ज्या रशियन भाषिक समाजातला होता त्या समाजाला एका खटल्यात गोवले गेले नाही. खरे उत्तर त्या राष्ट्राने पुढच्या वर्षांत दिले. २००८ साली टालिनमध्ये नाटो राष्ट्रांचे सायबर संरक्षणाचे अभ्यासकेंद्र उभे राहिले. बँका आणि कंपन्यांत पोटासाठी काम करणारे तंत्रज्ञ संकटसमयी देशासाठी धावून येतील, असे स्वयंसेवकांचे दल निघाले. आणि २०१७ साली लक्झेंबर्गशी करार करून राज्यकारभाराच्या महत्त्वाच्या नोंदींची प्रत त्या देशात सुरक्षित ठेवण्याची सोय झाली. एकाही शत्रूवर दगड न मारता हे राष्ट्र पूर्वीपेक्षा बळकट झाले.

हे युद्ध आहे काय?

हल्ला झाला की वृत्तपत्रांत मोठ्या अक्षरांत ‘युद्ध’ हा शब्द येतो. शब्द उच्चारण्यापूर्वी त्याची किंमत पाहावी. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे ५१ वे कलम राष्ट्राला स्वसंरक्षणाचा हक्क देते, परंतु तो सशस्त्र हल्ला झाल्यावर. टालिनच्या केंद्राच्या निमंत्रणावरून कायदेपंडितांनी २०१३ साली जो ग्रंथ सिद्ध केला, त्यातील कसोटी अशी, की साधन कोणते हे न पाहता परिणाम पाहावा. बॉम्बने माणसे मरावीत किंवा वस्तू उद्ध्वस्त व्हाव्यात तसा परिणाम संगणकाच्या हल्ल्याने झाला, तर तो सशस्त्र हल्ल्याच्या तोलाचा ठरू शकतो. एस्टोनियात असे काही झाले नव्हते.

‘युद्ध’ या शब्दाचा व्यवहारात काय अर्थ होतो याचा एक मासला सांगतो. २०१७ सालच्या २७ जूनला युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रचलित प्रणालीतून ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक कार्यक्रम पसरला. नोंदी नष्ट करणे हेच त्याचे काम. तो युक्रेनपुरता राहिला नाही. मेर्स्क ही डॅनिश जहाजकंपनी त्यात सापडली, आणि तिच्याच समूहाचा धक्का असल्यामुळे आपल्या न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातही कंटेनरची हालचाल खोळंबली. भांडण युक्रेनचे, आणि ट्रकवाले खोळंबले रायगड जिल्ह्यात! मर्क या अमेरिकन औषधकंपनीचेही अतोनात नुकसान झाले. तिने विमा कंपन्यांकडे सुमारे १४० कोटी डॉलर मागितले, तेव्हा उत्तर मिळाले, ‘हे तर युद्ध, युद्धाची भरपाई आम्ही देत नाही.’ न्यू जर्सीच्या न्यायालयांनी २०२२ व २०२३ साली तो युक्तिवाद फेटाळला. पाहा, युद्ध हा शब्द उच्चारल्याने शत्रूचे काही बिघडले नाही. पैसे बुडण्याची वेळ आली ती ज्याचे घर जळाले त्याच्यावर.

करणारा कोण?

तोफ कोठून उडाली हे धुरावरून कळते. येथे तसे नाही. हल्ला ज्या संगणकावरून आला तो एखाद्या गैरसमजात नसलेल्या, किंबहुना काहीच ठाऊक नसलेल्या गृहस्थाचा असू शकतो. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच्या पावलांचे ठसे मुद्दाम उमटविता येतात. २०१८ च्या फेब्रुवारीत दक्षिण कोरियात हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या वेळी संगणकव्यवस्था बंद पाडण्यात आली. त्या कार्यक्रमाची घडण अशी होती की संशय उत्तर कोरियावर जावा. पुढे अभ्यासकांनी ते ठसे खोटे असल्याचे दाखविले, आणि २०२० साली अमेरिकेने त्याबद्दल रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्यातील अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. पहिल्याच दिवशी कोणी उत्तर कोरियावर शस्त्र उगारले असते तर?

आपल्या मुंबईचे उदाहरण घ्या. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या थांबल्या. पुढे एका अमेरिकन कंपनीने, भारताच्या वीजव्यवस्थेत चिनी गटाने शिरकाव केल्याचा अहवाल दिला, मात्र मुंबईच्या अंधाराशी त्याचा संबंध सिद्ध झाल्याचे तिने म्हटले नाही. राज्याच्या मंत्र्यांनी २०२१ च्या मार्चमध्ये घातपाताची शक्यता सांगितली. केंद्राच्या मंत्र्यांनी मानवी चूक म्हटले. एकाच देशातील दोन सरकारे एकाच अंधाराची दोन कारणे सांगतात, तेव्हा सामान्य माणसाने कोणाचे ऐकावे? शत्रूला याहून स्वस्त विजय कोणता हवा?

हाताने चालणारे यंत्र

आता मोडतोडीचे सर्वांत बोलके उदाहरण. २३ डिसेंबर २०१५, युक्रेन. वीजवितरणाच्या तीन कंपन्यांच्या नियंत्रणकक्षांत बसलेल्या कामगारांना आपल्या पडद्यावरील बाण आपोआप सरकताना दिसला. डोळ्यांदेखत एकामागून एक स्विच उघडले जात होते आणि त्यांना काही करता येत नव्हते. तक्रारीच्या दूरध्वनींवर खोट्या कॉलांचा भडिमार झाला, म्हणजे लोकांना तक्रारही करता येऊ नये. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक ऐन हिवाळ्यात अंधारात बसले.

परंतु सहा तासांच्या आत वीज परत आली. कशी? कामगार गाड्या काढून उपकेंद्रांवर गेले आणि त्यांनी स्विच हाताने बसविले. त्या उपकेंद्रांत जुनी, हाताने चालणारी यंत्रणा शिल्लक होती, आणि ती चालविणारी माणसेही शिल्लक होती. पुढे कित्येक महिने ती व्यवस्था काही प्रमाणात हातानेच चालवावी लागली.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. परंतु जेथे उपकेंद्रावरचा शेवटचा माणूस खर्च म्हणून कमी केला जातो, जेथे कुशल कामगाराच्या जागी दर अकरा महिन्यांनी बदलणारा कंत्राटी मुलगा ठेवला जातो, तेथे केवळ एका कुटुंबाची भाकरी जात नाही. राष्ट्राच्या संरक्षणाची एक भिंत पडते. हिशेबाच्या वहीत तो माणूस जादा दिसतो. संकटाच्या रात्री तोच एकटा पुरेसा ठरतो.

मेर्स्क कंपनीची कथाही हेच सांगते. तिच्या साऱ्या जगातील संगणकव्यवस्थेचा एक कळीचा नकाशा सर्वत्र पुसला गेला. त्याची एकच प्रत वाचली, ती आफ्रिकेतील घाना देशाच्या कार्यालयात, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती व यंत्र बंद होते! दैवाने वाचविले. परंतु राष्ट्राने दैवावर विसंबून चालणार नाही. तुटक ठेवलेली प्रत आणि शिकविलेली माणसे यांची तरतूद आधीच हवी.

अल्बानियाने काय मिळविले?

आता दुसऱ्या प्रकारचे उत्तर पाहू. २०२२ च्या जुलैत अल्बानियावर मोठा हल्ला झाला. सरकारने नागरिकांची बहुतेक कामे नुकतीच संगणकावर नेली होती. तीच सेवा बंद ठेवावी लागली. चौकशीनंतर ७ सप्टेंबरला पंतप्रधानांनी इराणशी राजनैतिक संबंध तोडले व त्याच्या वकिलातीला चोवीस तासांत देश सोडण्यास सांगितले. सायबर हल्ल्याबद्दल एवढे कडक पाऊल पूर्वी कोणी उचलले नव्हते. इराणने आरोप नाकारला. आणि दोनतीन दिवसांतच अल्बानियाच्या सीमेवरील नोंदणीव्यवस्थेवर पुन्हा हल्ला झाला. निषेध करावा, जरूर करावा. पण निषेधाने कुलूप बसत नाही.

त्यानंतर जे घडले ते आम्हांला अधिक बोचले. नोव्हेंबरअखेर तेथील सरकारी वकिलांनी पाच सरकारी संगणक कर्मचाऱ्यांना घरकैदेत ठेवण्याची मागणी केली. त्यांनी सुरक्षेची तपासणी केली नाही, विषाणूरोधक कार्यक्रम अद्ययावत ठेवला नाही, असा आरोप होता. कामचुकारपणा झाला असेल तर त्याची चौकशी व्हावीच. परंतु साधनांना पैसे कोणी दिले वा दिले नाहीत, घाईने सारा कारभार एका टोपलीत कोणी घातला, हेही त्याच चौकशीत विचारले पाहिजे. खाणीत स्फोट झाला की दिवा घेऊन उभा असलेल्याला पकडायचे, ही मालकांची जुनी रीत आहे. राष्ट्राने ती उचलू नये. शिवाय, शिक्षेच्या भीतीने माणूस चूक लपवितो, आणि लपविलेली चूक ही शत्रूची उघडी खिडकी असते. भारतात २०२२ सालच्या आदेशाने अशा घटनेची खबर सहा तासांत सरकारी यंत्रणेला द्यावी लागते. नियम चांगला आहे. पण खबर देणाऱ्या कनिष्ठ माणसाला संरक्षण नसेल तर तो कागदावरच राहील.

मग कर्तव्य काय?

आमच्या अल्पमतीप्रमाणे क्रम असा असावा. आधी व्यवहार सुरू करा. रुग्णालय, पाणी, वीज, वेतन. मग लोकांना खरे सांगा, जेवढे ठाऊक तेवढेच, आणि एका तोंडाने. मग पुरावा जमवा व तो शक्य तितका जगापुढे ठेवा. त्यानंतर उत्तर द्या, ते घावाच्या मापाचे: खटले, वकिलातीतील माणसांची हकालपट्टी, आर्थिक निर्बंध, मित्रराष्ट्रांसह निषेध. माणसे मेली, धरण फुटले, रुग्णालये बंद पडून रोगी दगावले, तर स्वसंरक्षणाचा हक्क राष्ट्राकडे आहेच. ती मर्यादा कोठे आहे हे आधीच स्पष्ट सांगून ठेवावे.

यावर कोणी म्हणेल, ‘हा नेभळटपणा झाला. त्यांनी आपली वीज तोडली तर आपण त्यांची तोडू; त्याशिवाय वचक बसत नाही.’ या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असे आम्ही म्हणणार नाही. जो कधीच उत्तर देत नाही त्याला सगळेच टपली मारतात. परंतु आम्ही चळवळीत एक गोष्ट शिकलो आहोत. पहिल्याच दिवशी शेवटचे हत्यार उपसणाऱ्याजवळ दुसऱ्या दिवशी काही उरत नाही. संपाचे बळ फाटकावरच्या घोषणेत नसते. ते घरातल्या धान्यात आणि एकजुटीत असते. मालकही घोषणा मोजीत नाही, तो धान्य मोजतो.

आणि हे हत्यार विलक्षण आहे. तोफेचा गोळा फुटला की संपतो. संगणकाचा घातक कार्यक्रम दुसऱ्याच्या हाती पडून परत येतो. अमेरिकेच्या एका गुप्तचर खात्याने साठवून ठेवलेले असे एक साधन चोरीस गेले, आणि २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या हल्ल्यात तेच वापरले गेले. अमेरिकेचे मित्रराष्ट्र असलेल्या ब्रिटनमधील रुग्णालयांत अंदाजे १९ हजार रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. महिन्याभराने नॉटपेट्यातही तेच साधन होते. शिवाय, परक्या देशाची वीज तोडली तर तेथे अंधारात बसते कोण? हुकूम देणारा सेनापती नव्हे. त्याच्या वाड्यात जनरेटर असतो.

म्हणून राष्ट्राराष्ट्रांतील नियम घट्ट होण्यासाठी झटले पाहिजे. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने, ज्यात अमेरिका, रशिया, चीन होते, शांततेच्या काळात एकमेकांच्या जीवनावश्यक सेवांची मोडतोड करू नये, आणि संकटात धावून जाणाऱ्या संगणक-पथकांवर हल्ला करू नये, असे मान्य केले. पाळले का? युक्रेनची वीज त्याच वर्षी गेली. तरीही नियम लिहिला गेला याला मोल आहे. कामाचे तास ठरविणारा कायदाही झाल्या दिवशी कोणी पाळला नव्हता. लिहिलेला नियम हाती असतो म्हणूनच मोडणाऱ्याकडे बोट दाखविता येते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. परकीय हल्ल्याचा धाक घालून घरच्याच माणसांवर पाळत ठेवणे, पत्रे उघडणे, आंदोलने दडपणे, एखाद्या समाजाला शत्रूचा हस्तक ठरविणे, हे मोह प्रत्येक सरकारला होतात. त्यांना बळी पडणे म्हणजे शत्रूचे उरलेले काम आपणच पुरे करणे होय. हल्लेखोराला आपले तारयंत्र मोडायचे नसते. आपला एकमेकांवरचा विश्वास मोडायचा असतो. यंत्र दुरुस्त करायला काही तास लागतात. विश्वास दुरुस्त करणारा कारागीर अजून जन्माला यायचा आहे.

तेव्हा आपण येथून उठाल ते एवढे ठरवून उठा: आपल्या बँकेला, आपल्या नगरपालिकेला, आपल्या वीजकचेरीला विचारा, की ‘उद्या सारे पडदे काळे झाले, तर तुमच्याजवळ कागदाची प्रत आहे काय? हाताने काम जाणणारी माणसे आहेत काय? त्यांना तुम्ही कायम केले आहे काय?’ हे प्रश्न नागरिकांनी विचारले नाहीत, तर ते एक दिवस शत्रू विचारील. आणि त्या वेळी उत्तर शोधायला सवड नसेल.